रिकीबदेवाच्या मागून पायी कोण जाणार?

नार्नूरकडच्या टापकरी जमातीच्या लोकांना कापूस वेचताना बघून कुणाला खरं वाटेल का, की यांचे पूर्वज घोड्यावरच लढले, घोड्यावरच जेवले अन् घोड्यावरच घोरले? त्यांच्या तलवारींनी आता घरोघर कडबा तोडतात! देव मात्र तोच, रिकीबदेव. तो घोड्यावरून कधी उतरलाच नाही. माणूस मेलं की न्यायला येतो. जन्मात एकदा तरी जो घोड्यावर बसला, त्याला तिथं घोडा मिळतो. न बसलेला मागून पायी, धूळ खात. त्यातही लगाम धरायचा नाही, घोडा आपल्या मनानं चालला पाहिजे. नाहीतर ते बसणं देवाच्या दरबारी रुजूच होत नाही.

त्यातल्याच रेणुकाबाई सत्तरीला आल्या तरी घोड्यावर बसल्या नव्हत्या. त्यांच्या लहानपणीच गावातला शेवटचा घोडा मेला. तेव्हापासून बाईंच्या जिवाला घोर लागलेला. नवरा भगवानराव तरी कुठं बसले होते? पण चिडवायला पुढं! "गुडघ्याले तेल लावून ठेव, लांब चालाचं हाय."

मग नात हर्षालीचं लग्न ठरलं अन् नवरदेव भैंशाहून भाड्यानं आणलेल्या घोडीवर आला. तो उतरला मात्र, बाईंनी पदर खोचला अन् खुर्चीवरून, सुनांच्या खांद्यांवरून चढल्या की हो वर!

घोडी ढिम्म. मालक लगामाला हात घालणार, तोच बाई ओरडल्या, "हात नोको लावू! तिच्या मनानं जाऊ दे." पण ती लग्नातली घोडी, वाजंत्र्यांशिवाय पाऊल कसलं टाकते! बाईंचं तोंड एवढंसं झालं.

"वाजवा ना रे! काऊन उभे राह्यले?" ओरडले कोण, तर भगवानराव!

ढोल कडाडला अन् घोडी थयथय नाचायलाच लागली. बाई वर उडतायत, किंचाळतायत, हसतायत. मांडव सोडून अख्खं वऱ्हाड नाचतंय. अगं बाई गं, काय तो थाट!

"झालं ना समाधान? उतर आता," भगवानराव म्हणाले.

"उतरत नाही. तुमी चढा मागं."

भगवानराव पांढरेफटक! घोड्याला ते जन्मभर भ्यायले होते, सगळी थट्टा त्या भीतीपोटीच तर होती. "मी येईन ना पायी."

"मी घोड्यावर अन् तुमी मागं धूळ खात?" बाईंचे डोळे भरले. "मंग तिथं मी भांडू कोणासंग?"

भगवानरावांनी चपला काढल्या. खुर्चीवर चढले, देवाचं नाव घेत घोडीवर बसले अन् डोळे गच्च मिटून बायकोच्या कमरेला मिठी मारली.

"वाजवा रे," ते म्हणाले, "पण हळू वाजवा!"