भाकरीची भाषा

पहिली भाकरी थापायच्या आधी वच्छला उजवा हात पाण्याच्या वाडग्यात बुडवायची आणि मागे न वळता म्हणायची, "वासर."

मागे उंबऱ्यावर चादरीत गुरफटून बसलेली आरोही झोपेतल्या आवाजात उत्तर द्यायची, "वासर."

मग पिठावर हात. "मेल." मग आजीचा पंजा, पोरीपुढे नुसता उघडून धरलेला. "हांट." शेगडीची ज्योत मोठी केली की "फॉयर." आणि थापणं सुरू झालं की दोघींचे हात एकदमच चालायचे, आजीचे परातीत, नातीचे स्वतःच्या मांडीवर. प्रत्येक थापेला एक आकडा. आइन्स, त्स्वाय, द्राय. दहाच्या पुढे वच्छलाला येत नव्हतं, म्हणून दहा झाले की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी टम्म फुगलेली भाकरी उतरवताना दोघी मिळून म्हणायच्या, "ब्रोट", आणि त्या दोन खोल्यांत दिवस उजाडायचा.

भवानी पेठेत वच्छलाचं घर विचारावं लागत नसे. भाजलेल्या ज्वारीचा वास जिथून येतो ते तिचं घर. सकाळी दोन खानावळींच्या मऊ भाकऱ्या, दुपारनंतर दुकानात ठेवायच्या कडक भाकऱ्या. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. तेव्हापासून हे काम. याच भाकऱ्यांवर तिनं लेकीला, अपेक्षाला, शिकवलं, नर्स केलं. पोरगी पुण्यात राहून वर्षभर जर्मन शिकली आणि एका दवाखान्याच्या बोलावण्यावरून जर्मनीला गेली. काही महिन्यांनी जावई, इंद्रजीत, तिच्या मागे गेला. दोन वर्षांची आरोही मात्र आजीकडे राहिली. तात्पुरती, असं तेव्हा सगळेच म्हणाले.

तात्पुरतं म्हणता म्हणता पोरगी चार वर्षांची झाली. वच्छलाच्या पदराला धरून चालणारी ती आता पदर सोडून गल्लीभर फिरायला लागली. वरच्या मजल्यावर विणकरांची तेलुगू घरं होती, त्यांच्या पोरांत खेळून ती तेलुगूत भांडायला शिकली. शेजारची दानेश्वरी अक्कलकोटकडची. दिवसभर शिलाई मशिनवर टॉवेलच्या कडा शिवत बसायची, तिच्याकडून कानडी आली. या भाषा आरोहीला कुणी शिकवल्या नव्हत्या. अनवाणी पायाला धूळ लागावी तशा त्या लागल्या होत्या.

जर्मन मात्र गल्लीत मिळत नव्हती. ती घरातच आणावी लागणार होती, आणि घरात होती एकटी वच्छला, सातवी शिकलेली.

अपेक्षानं एका संध्याकाळी फोनवर सगळं समजावून सांगितलं. तिच्या बरोबरच्या एका नर्सनं आपला मुलगा असाच एकदम नेऊन तिथल्या बालवाडीत घातला. पोराला एक शब्द कळेना. ते गप्प झालं, आणि मग घरी आल्यावरही बोलेना. मराठी बोलायचं तेवढंही थांबलं. अपेक्षा हे सांगताना मध्येच थांबली. मग म्हणाली, आरूचं मी तसं होऊ देणार नाही. बालवाडीच्या बाईंशी तिची फोनवर गाठ घालून देईन. त्यांच्यासमोर तिनं नुसतं तोंड उघडलं, दोन शब्द बोलली, तरी मी तिला न्यायला येईन. नाही बोलली तर अजून एक वर्ष तुझ्याकडेच राहू दे.

वच्छला "बरं" म्हणाली. तिला स्वतःचे जुने दिवस आठवले. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावातून लग्न होऊन ती या पेठेत आली, तेव्हा नळावर सगळ्या बाया तेलुगूत बोलायच्या. आपला नंबर कधी, हे विचारायलाही शब्द नव्हता. घागर पायाशी ठेवून ती सगळ्यांत शेवटी भरायची. सासू म्हणायची, सून मुकी केली का काय आम्ही? ते पहिलं वर्ष वच्छलानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून तिनं शिकवायचं ठरवलं. आणि ठरवताना हेही तिला कळत होतं की पोरगी शिकली की जाणार.

अपेक्षानं फोनवर चित्रांचा एक खेळ घालून दिला होता. सफरचंद दिसायचं, बाई त्याचं नाव सांगायची. आरोही बोटानं सफरचंद सरकवायची आणि गप्प बसायची. चार दिवसांनी तिला त्या फोनचाच राग यायला लागला. मग वच्छलानं स्वतःच्या कामातले शब्द अपेक्षाकडून मागवून घेतले. पाण्याला काय म्हणतात, पिठाला काय, विस्तवाला काय. अपेक्षा ड्यूटीवरून घरी जाताना ते बोलून पाठवायची. वच्छला फोन डब्याला टेकवून ठेवायची आणि पीठ मळता मळता तेच तेच ऐकायची. मळताना येत नाही ते काही आपल्याला येत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

दानेश्वरीनं भिंतीपलीकडून हे ऐकलं तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"अक्का, माझी सासू कानडी बोलती, वरचे तेलुगू बोलतात, टॉवेलचा मालक हिंदी. आता भाकरीबी इंग्लिश बोलणार काय तुमची?"

"इंग्लिश न्हाई, जर्मन हाय."

"एकच की. आपल्याला कळत न्हाई ते समदं इंग्लिश."

पण पोरगी बोलायला लागली. भाकरीपाशी बसली की ती मराठी टाकून द्यायची. पाणी मागायची ते वासर. आजीचा हात भाजला की "हांट, फॉयर" म्हणून फुंकर घालायची. उठून बाहेर गेली की मात्र सगळं आतच राहायचं. दानेश्वरीनं कौतुकानं विचारलं, जर्मन बोलून दाखव की गं, तर ती म्हणाली, हितं कुटं भाकरी हाय?

तेव्हा वच्छलाच्या लक्षात आलं. पोरीला वाटत होतं की ही भाकरीची भाषा आहे. जशी पूजेला वेगळी, तशी भाकरीला वेगळी. आणि आई ती बोलते, म्हणजे आई तिथे रोज भाकरी करत असणार. एकदा तिनं विचारलंच.

"आजी, आई पन रोज थापती?"

वच्छला तव्याकडे बघत "व्हय" म्हणाली. अपेक्षा तिथे डब्यात पावाचे दोन तुकडे नेते हे तिला ठाऊक होतं. पण पोरगी त्या "व्हय"वर इतकी खूश झाली, की त्या दिवसापासून पहिली भाकरी आईची म्हणून बाजूला ठेवायला लागली. ती भाकरी रात्री वच्छला स्वतः खायची.

अपेक्षानं अकरा ते वीस आकडे पाठवले. वच्छलानं ते बरेच दिवस ऐकले नाहीत. वेळ मिळत न्हाई, म्हणाली. वेळ होता. दहापर्यंत जाऊन परत पहिल्यापासून सुरू करण्यात जे सुख होतं ते तिला सोडवत नव्हतं.

बालवाडीच्या बाईंचा फोन ठरला तो दुपारचा. वच्छलानं त्या दिवशी कडक भाकऱ्या लवकर आटोपल्या. परात धुऊन भिंतीला उभी केली. आरोहीला निळा फ्रॉक घातला, तेल लावून दोन शेंड्या बांधल्या आणि कॉटवर बसवलं. फोन उशीला टेकवला. पडद्यावर आधी अपेक्षा आली, मग पांढऱ्या केसांच्या एक बाई. त्यांच्या मागे भिंतीवर मुलांनी रंगवलेले मासे होते. बाईंनी हात हलवला. सावकाश, गोड आवाजात काही विचारलं.

आरोही गप्प.

बाईंनी पुन्हा विचारलं. एक लाकडी बदक दाखवलं. अपेक्षा बाजूनं म्हणाली, आरू, सांग की, तुला येतंय की. आरोहीनं आजीच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि ओठ घट्ट मिटले.

वच्छला तिच्या शेजारी बसली होती, हात पदराखाली घेऊन. तिला वाटलं, झालं. आता काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं. थोड्या वेळानं बाई हसून म्हणतील, लहान आहे, राहू दे. अपेक्षा तोंड फिरवेल. आणि उद्या पहाटे उंबऱ्यावर चादरीतून आवाज येईल. अजून एक वर्ष. कुणाला काही कळणारही नाही, कारण कळण्यासारखं तिनं काही केलेलंच नसेल.

पडद्यात अपेक्षा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहानपणी निकालाच्या दिवशी ती असंच करायची.

वच्छलानं पोरीकडे बघितलं. पोरगी पडद्याकडे बघतच नव्हती. ती आजीच्या मांडीकडे, पदराखाली हात जिथे होते तिथे बघत होती. ती भ्यालेली नव्हती. ती वाट बघत होती. परात नाही, पाणी नाही, तरी आजी सुरू करेल, म्हणून थांबली होती.

तशी ती वर्षभरही थांबली असती.

वच्छलानं हात बाहेर काढले. डाव्या तळव्यावर उजवा पालथा ठेवला आणि थापायला लागली, हलकेच, पीठ पातळ पसरावं तशी.

"आइन्स," आरोही म्हणाली.

मग त्स्वाय, मग द्राय. दहा झाले, पुन्हा पहिल्यापासून झाले. मग आजीनं नुसताच हवेत हात बुडवला आणि पोरगी मोठ्यानं म्हणाली, वासर. मेल. हांट. फॉयर. पलीकडे बाई आधी चकित झाल्या, मग त्याही टेबलावर थापायला लागल्या. थापता थापता त्यांनी एक नवा शब्द म्हटला, बदक हातात घेऊन. आरोहीनं एक थाप वाया जाऊ दिली आणि पुढच्या थापेला तो शब्द म्हणून टाकला. मग मासे. मग निळा रंग. वच्छलाला त्यातलं काही कळत नव्हतं. तिनं हात थांबवले तरी पोरीचे चालूच राहिले, स्वतःच्या मांडीवर.

फोन संपल्यावर वच्छलानं धुतलेली परात पुन्हा धुतली.

दानेश्वरी संध्याकाळी टॉवेलची चळत घेऊन येऊन बसली. वच्छलाच सांगायला लागली, बोलली म्हनून. आधी गप्पच व्हती, मी हात काढून थापाया लागले तवा लई बोलली. दानेश्वरीनं टॉवेलचे दोरे तोडत तोडत मान हलवली आणि म्हणाली, तुमाला हात पदरातच ठेवता आले असते, अक्का.

"आले असते," वच्छला म्हणाली. "पन मग ती वरीसभर माझ्याच हाताकडं बगत बसली असती."

अपेक्षा आली ती थोड्याच दिवसांसाठी. कागद, फोटो, बाजार यांत ते दिवस गेले. वच्छलानं एका पिशवीत ज्वारीचं पीठ बांधलं, दुसऱ्या पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. शेवटच्या पहाटे खानावळींच्या भाकऱ्या चुकवता येण्यासारख्या नव्हत्या. तिनं हात पाण्यात बुडवला. मागून दोन आवाज आले. अपेक्षाही उठून चादरीत पोरीशेजारी येऊन बसली होती.

मुंबईची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. वरच्या मजल्यावरच्या पोरांनी तेलुगूत आरडाओरडा करून निरोप दिला, आरोहीनं त्याच भाषेत त्यांना चिडवलं. दानेश्वरीनं पोरीच्या हातात एक छोटा टॉवेल दिला, कडेला लाल दोऱ्यानं शिवलेला. आरोही खिडकीपाशी बसली आणि तिनं पंजा उघडून बाहेर काढला. वच्छलानं त्यावर एकदाच हात थापला.

मग ती वाकून अपेक्षाशी हळू आवाजात बोलली. पोरीला वाटतंय तू तिथं रोज भाकरी करतीस, म्हणाली. तिचं मन मोडू नको, पीठ हाय तोवर तरी थाप.

अपेक्षा कसनुसं हसली. "आई, माझ्या भाकरीला चिरा पडतात."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. वच्छलानं खिडकीवरचा हात काढून घेतला.

"पानी कढत घे," ती म्हणाली. "चिरा पडत न्हाईत."