व्हर्लीनने तारा बदलल्या

व्हर्लीन ब्रॉडनॅक्सला घाण बघवत नसे. गुण म्हणा की खोड म्हणा, अमेरिकेतल्या टोलेडोतलं तिचं दुकान त्याच्यावरच चाललं होतं. दुकानात फक्त खर्जाची वाद्यं: बेस गिटारी, माणसाहून उंच उभे बेस, आणि त्यांचा आवाज मोठा करणारे फ्रीजएवढाले अँप. साधी गिटार घेऊन कुणी आलं तर ती त्याला दारातूनच वाटेला लावी. "टिंगटिंग पुढच्या चौकात दुरुस्त होतं," म्हणे, "इथे फक्त पोटातला आवाज."

आधी ती मोटारींच्या वायरी जोडायच्या कारखान्यात होती. कारखाना मेक्सिकोला गेला आणि बाई घरी बसली. घरी बसणं तिच्या स्वभावात कुठलं? चर्चमध्ये वाजवणाऱ्या मामेभावाने एक खरखरणारा अँप आणून टाकला. तिने उघडला, तर आत उंदराने संसार थाटलेला. तो संसार तिने बाहेर काढला, दोन जागी सोल्डरिंग केलं, आणि अँप असा घुमायला लागला की भावाने चार जणांना सांगितलं. ते चौघं आपापले अँप घेऊन आले. पुढे कुणाची बोटं सांधेदुखीने धरली, कुणी गाव सोडलं, कुणी देवाघरी गेलं, की त्याचा बेस व्हर्लीनकडे येऊ लागला. ती तो विकत घेई, घासूनपुसून लख्ख करी आणि विकी. गिऱ्हाइकाला किमतीच्या आधी दोष सांगे, त्यामुळे लोक डोळे मिटून घेत. तोंड मात्र भारी फाटकं. बेसवर सॉस सांडून आणणाऱ्याला ती असं काही सुनावायची की पुढच्या वेळी तो दारात हात दाखवूनच आत यायचा.

डीकन रूफस बार्क्सडेल हा तिच्या दुकानात येणारा सगळ्यात अबोल माणूस. सत्तरी ओलांडलेली, कोट कायम इस्त्रीचा, टोपी काढल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तीन चौक पलीकडच्या विटांच्या बाप्टिस्ट चर्चचा तो डीकन, म्हणजे पास्टरांचा मदतनीस, आणि तिथेच तरुणपणापासून बेस वाजवत होता. वाजवता वाजवता आवाज मधेच गायब होतो, अशी तक्रार घेऊन तो आला, आणि डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून बेस आठवडाभर ठेवून गेला.

दुखणं किरकोळ होतं. वायर खुपसायच्या भोकामागचा एक टाका सुटला होता. तिने तो लावून टाकला. पण मग नजर तारांवर गेली आणि तिच्या अंगावर काटाच आला. काळ्याकुट्ट, चिकट, जागोजाग गंजलेल्या. छेडली तर सूर नाहीच, नुसतं धप्प. तिला वाटलं, बिचारा एकटा म्हातारा, पेन्शनीत नव्या तारा कुठून घेणार. तिचं मन भरून आलं, आणि मन भरून आलं की ही बाई विचारायबिचारायच्या भानगडीत पडत नाही. कटरने तिने चारही तारा मधोमध कापल्या, कचऱ्यात टाकल्या, लाकडाला तेल दिलं आणि दुकानातल्या सगळ्यात महाग तारा चढवल्या. फुकट. गुरुवारी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

शुक्रवारी डीकन आला तेव्हा ती अगदी लग्नघरातल्यासारखी खुशीत होती. बेस तिने मखमलीवर मांडून ठेवला होता. डीकन जवळ आला, वाकला, आणि तसाच राहिला.

"तारा कुठायत?"

"फेकल्या. अहो, बुरशी आली होती त्यांना. ह्या माझ्यातर्फे. पैशाचं नाव काढू नका."

तो स्टुलावर बसला, बेस मांडीवर घेतला आणि वाजवायला लागला. रविवारी सगळ्या चर्चला पाठ असलेली साधी चाल, व्हर्लीनलाही पाठ. पहिल्या चार सुरांतच तिचं हसू ओठांवर थिजलं. एक सूर बरोबर, दुसरा अर्धवट दाबलेला, तिसरा घरातून घसरलेला, चौथा लागलाच नाही. नव्या तारा प्रत्येक चूक खणखणीत सांगत होत्या. हा माणूस वाजवू शकत नव्हता. चाळीस वर्षं ज्याच्या बेसची गावभर तारीफ, तो हा. तिला क्षणभर वाटलं आपलेच कान बिघडलेत.

"ऐकलंस ना?" डीकन म्हणाला. "साखर आहे मला. डाव्या हाताची दोन बोटं सहा वर्षांपूर्वी बधिर झाली. तार दाबली गेली की नाही, मला समजत नाही पोरी. जुन्या तारांत सगळं खपून जायचं. लोकांना वाटायचं, म्हातारा हट्टी आहे, तारा बदलत नाही. वाटू दे म्हटलं. अख्ख्या चर्चमध्ये एका माणसाला पत्ता नाही."

व्हर्लीनच्या तोंडचं पाणी पळालं. तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर तिला सोसलं असतं. तो शांतपणे रुमालाने तारा पुसत बसला. बायको गेली, घर विकलं, मुलगी अटलांटाला, सणाला फोन करते, असं त्याने बाजारभाव सांगावेत तसं सांगितलं. मग म्हणाला, "रविवारचं ते स्टूल तेवढं राहिलंय. आता तेही नवीन माणसाला द्या म्हणतील. त्यांचं काही चुकणार नाही म्हणा."

मग बाईने काय काय केलं, विचारू नका. जुन्या तारा शोधल्या, तर तिच्या दुकानात जुनी तार सापडेल कशी? आलेली प्रत्येक तार तिने स्वतःच्या हाताने फेकलेली. दोघा-तिघा वादकांना फोन केले, सगळ्यांच्या तारा नव्या, आणि तिनेच बसवलेल्या. तारांखाली स्पंजची पट्टी सारली, तर आवाज बसला, पण चुकलेला सूर आणखी ठसठशीत झाला. शेवटी जिने आयुष्यभर लोकांना हात धुवायला लावले, तिने तारा जुन्यासारख्या चिकट व्हाव्यात म्हणून घरून बेकनची चरबी आणून त्यांना चोळली. चरबीचा वास तेवढा सुटला. डीकनने तिच्या हातातून बेस हळूच काढून घेतला, टोपी घातली, आभार मानले आणि गेला. आभार मानले, हे तिला फार लागलं.

रविवारी ती स्वतःच्या चर्चला गेली नाही, त्याच्या चर्चला गेली. का गेली, तिलाही सांगता आलं नसतं. मागच्या बाकावर बसवेना म्हणून पुढे, ऑर्गनच्या बाजूला बसली. शेजारी पांढऱ्या हॅटमधल्या एक बाई होत्या, चर्चच्या गायकांच्या समूहात तीस वर्षं गाऊन आता गुडघ्यांमुळे खाली बसणाऱ्या. समोर डीकन, स्टुलावर ताठ. त्याच्या पलीकडे ऑर्गनवर टेटम नावाचा जाडजूड माणूस.

गाणं सुरू झालं. व्हर्लीनने डोळे गच्च मिटले, आणि मग उघडले, कारण बेस उत्तम चालला होता. जाड, भरदार, एकही पाऊल चुकत नव्हतं. देवाने हात दिला म्हणायचा, असं तिला वाटलं. पण तिचे कान धंद्याचे कान. त्या भरदार आवाजाच्या वर आणखी एक बारीक, लखलखीत आवाज अडखळत चालला होता, आणि तो तिने बसवलेल्या तारांचा होता. मग खालचा आवाज कुणाचा? तिने मान वळवली. टेटमचा डावा पाय ऑर्गनखालच्या, पायाने खर्ज वाजवायच्या लाकडी पट्ट्यांवर सराईतपणे फिरत होता. डीकन ज्या चालीच्या मागे धडपडत होता, ती अख्खी चाल तो पाय वाजवत होता.

हॅटवाल्या बाईंनी तिचं बघणं बघितलं. कानाशी येऊन त्या कुजबुजल्या, "सहा वर्षं झाली, बाई. आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यांना तेवढं कळू देऊ नका."

आता व्हर्लीनला सगळं उलगडलं. जुन्या तारांचं ते धप्प आणि ऑर्गनचा खर्ज इतके मिसळून जायचे की आपलं कुठलं आणि टेटमचं कुठलं, हे डीकनला स्वतःलाच कळत नव्हतं. खोलीभर घुमणारं ते सगळं आपलंच, असं समजून तो सहा वर्षं घरी गेला होता. आज त्याचा आवाज वेगळा निघाला होता.

त्यालाही ऐकू आलं. तिने त्याचा चेहरा बघितला. त्याची मान जरा तिरपी झाली, बोटं मंदावली, आणि दुसऱ्या कडव्याच्या मधोमध त्याने दोन्ही हात तारांवरून उचलून हवेत धरले.

बेस चालूच राहिला. जराही हलला नाही.

समूह गात होता, लोक डोलत होते, एकही मान वळली नाही. डीकन ते ऐकत बसला. मग त्याने टेटमच्या बुटाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. टेटम डोळे मिटून गात होता, त्याला काही दिसलं नाही. व्हर्लीन उठायला निघाली, काय करायला तिला माहीत नव्हतं. बाईंनी तिचा दंड धरून खाली बसवलं.

डीकनने हात मागे नेला आणि चाचपत अँपचं बटण बंद केलं. अँपवरचा लाल दिवा विझलेला व्हर्लीनने पाहिला. मग त्याने हात परत तारांवर ठेवले आणि बोटं हलवायला लागला. प्रत्येक तालाला मान, प्रत्येक सुराला खांदा, अगदी नेहमीसारखं, गाणं संपेपर्यंत. त्यातला एकही सूर कुणाला ऐकू गेला नाही.

पास्टर उठले, घाम पुसत म्हणाले, "डीकन बार्क्सडेल, आज तर तुम्ही जमीन हलवलीत."

सगळं चर्च टाळ्या वाजवायला लागलं. डीकनने उठून, छातीवर हात ठेवून, आभार मानले. व्हर्लीनने टाळ्या वाजवल्या. वाजवत राहिली, बाकीचे थांबले तरी.