घमेलं खाली ठेवणार नाही

विमानतळाला नेणारी जीप दारात आली, तेव्हा आई रस्त्याच्या कामावरून धावतच आली, डोक्यावर खडीचं घमेलं तसंच. जीपमध्ये माझ्यासारखेच गल्फला निघालेले चौघे बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आये, ते आधी खाली ठेव!" मी खेकसलो. तिनं ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "पोचलास की फोन कर."

असल्याच घमेल्यात तिनं मला लहानपणी आंघोळ घातली होती. थंडीत त्यात निखारे, एरवी अंड्यांवर बसलेली कोंबडी. कुणाच्या घराचा स्लॅब असला की अख्खी वाडी रांग लावून घमेली हातोहात पुढे सरकवायची.

आज मी अबू धाबीत साइट सुपरवायझर आहे, राहतो मोहम्मद बिन झायद सिटीत. साइटवर सगळे हिंदीत तगारी म्हणतात, मी हट्टानं घमेलंच म्हणतो. एकदा ते ऐकून आमची पोर्तुगीज इंजिनियर थबकली. "गामेला?" त्यांच्याकडे गामेला म्हणजे लाकूड कोरून केलेलं भांडं. त्यात डुकरांना खाणं घालतात, कुठे कणीकही मळतात, आणि ज्यांचं आपसात साटंलोटं ते 'एकाच गामेलात जेवतात'. त्याआधी लॅटिनमध्ये तो साधा प्याला होता म्हणे. म्हणजे बघा, हा शब्द जहाजातून आमच्या किनाऱ्याला उतरला, लाकडाचा लोखंडी झाला, पक्का मराठी झाला. त्याला कुणी विचारलं का, बाबा रे, तुझं गाव कुठलं? आणि लाजत मी होतो!

परवा मुलीच्या शाळेत प्रत्येकानं 'घरची एक वस्तू' आणायची होती, आईवडिलांनाही बोलावलं होतं. बायकोनं समई घासून ठेवली. मी मुसाफाच्या बांधकाम-सामानाच्या दुकानातून नवंकोरं घमेलं आणलं. सई म्हणाली, "पपा, नो वे! दॅट्स अ लेबर थिंग."

माझं डोकंच फिरलं. "तुझी आजी लेबरच आहे, आणि तुझा बापही होता!" पोर रडायला लागली. तिच्यात मला जीपजवळचा मी दिसलो, म्हणून जास्तच चिडलो.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला भलतीच काळजी. "रिकामं नको हां नेऊ. रिकामं भांडं कुणाच्या दारात नेत नाहीत." मग बायकोनं रव्याचे लाडू वळले, घमेलं भरून.

शाळेच्या गेटवर मी ते डोक्यावर घेतलं. गाड्यांतून लोक बघत होते. सई कुजबुजली, "पपा, प्लीज, पुट इट डाउन."

"नाही ठेवणार. यल्ला, चल."

ती चार पावलं लांबून चालली. पण कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडलो तेव्हा रिकामं घमेलं तिच्याच कमरेवर होतं. "खलास, सगळे संपले," मराठीत म्हणाली.

त्या संध्याकाळी आईला म्हटलं, "आये, जीप आली त्या दिवशी मी चुकलो." ती म्हणाली, "कुठल्या दिवशी रे? लाडू पुरले ना?"

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या इथे आलेल्यांनो, आमच्या फ्लॅटवर या. दारातच, चपलांशेजारी, घमेलं ठेवलंय. येणाऱ्याला दिसलंच पाहिजे. माझं घर तिथून सुरू होतं.