हजारांनी का पळत्यात?

लग्नाच्या दुसऱ्याच सकाळी नवऱ्याला युनिटमधून फोन आला. सीमेवर वातावरण तापलं होतं. रजा रद्द झाली होती, मिळेल त्या गाडीनं निघायचं होतं. दारात मांडव तसाच, नवऱ्याच्या कानामागे हळद तशीच. सासऱ्यांनी जीप काढली आणि मीही हट्टानं चढले. कवठे महांकाळ सुटलं तसं मला काय झालं कोण जाणे, हसूच आवरेना.

"आवं, पळून जाऊया का?" मी नवऱ्याला म्हटलं. "आटपाडीला माझी मावशी हाय. डाळिंबाच्या बागेत लपवंल. कुणाला पत्ता लागायचा न्हाई."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. सासरेही हसले. ते स्वतः सुभेदार होऊन निवृत्त झालेले.

त्यांना हसताना बघून मी धीर केला. "मामा, टीव्हीवर त्या परदेशातल्या लढाईचं दाखवत्यात. हजारांनी सैनिक पळत्यात म्हणं. एवढी सगळी भित्री असत्यात व्हय?"

"भित्रा एकटादुकटा पळतो, पोरी," ते म्हणाले. "हजारांनी पळत्यात तवा दुखणं येगळंच असतंय. रजा न्हाई, बदली न्हाई, घरचा आवाज न्हाई. साहेब मागं बसून 'पुढं व्हा' म्हणतोय. शेजारी रोज नवा माणूस, त्याचं नावबी ठावं न्हाई. मग थांबायचं कुणासाठी?"

"माझ्या शेजारी फलटणचा गडी हाय," नवरा म्हणाला. "लय घोरतो. पर त्याला तिथं टाकून मावशीकडं डाळिंबं खात बसलो, तर मला झोप लागंल का?"

मिरज स्टेशनवर तर जत्राच. पाठीवर पिट्टू घेतलेले जवान, त्यांना सोडायला आलेली घरंच्या घरं. हातात हिरवा चुडा भरलेली आणखी एक नवी नवरी भेटली. ओळख ना पाळख, आम्ही एकमेकींना बघितलं आणि खुदखुदत गळ्यातच पडलो. कुणीतरी हलगी आणली होती. गाडी येईपर्यंत आम्ही दोघी प्लॅटफॉर्मवर नाचलो, आणि सासरे बाजूला उभे राहून ठेका धरत होते.

गाडी हलली. तो दारात उभा राहून हात हलवत होता, मीही हात हलवत मोठमोठ्यानं हसत होते. शेवटचा डबा गेला तरी माझा हात हलतच होता. सासऱ्यांनी मला बाकावर बसवलं, उसाचा रस आणून दिला. म्हणाले, "आता रड. मी हाय हितं."

काही आठवड्यांनी सगळं निवळलं. तो रजेवर आला तेव्हा मी शेतात होते. बांधावरून मला हाका मारत तो पळत येत होता, आणि मी चिखलात घसरून पडले ती हसतच राहिले.