तिसऱ्या मजल्यावरची कॅसेट

बहरीनमध्ये आम्ही अकरा वर्षं काढली, पण माझी दातखीळ बसावी असा प्रसंग एकदाच आला, तोही एका प्रेमगीतामुळे. गाणं कोरियन, गाणारा कोणी पोरसवदा कोरियन गायक, आणि ऐकणारे आम्ही पंचवीस-तीस नागपूर-भंडाऱ्याकडचे बौद्ध. पांढरे कपडे घालून, हात जोडून, डोळे मिटून बसलेले. आजही ते आठवलं की माझे कान तापतात.

नव्वदीच्या मधली वर्षं होती ती. आम्ही राजधानीत, मनामात राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर. यांची नोकरी सित्राला तेलाच्या रिफायनरीत, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनची. कंपनीची बस पहाटे न्यायची आणि उन्हानं भाजून निघालेला माणूस दुपारी परत आणून सोडायची. आमची एकुलती एक मुलगी बारा वर्षांची. इंग्रजी शाळेत जाणारी. मराठी तिला सगळी कळायची, पण तोंडातून निघायची नाही. आपण मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा संसार.

एक दिवस जेवताना हे सहज बोलावं तसं बोलले, "जूनमध्ये लीव्हवर जातो ना आपण, तेव्हा हिला दादाकडे ठेवून येऊ. नागपूरलाच शिकू दे आता."

माझा घास हातातच राहिला. "ठेवून येऊ म्हणजे?"

"म्हणजे काय? आजीशी फोनवर दोन वाक्यं बोलता येत नाही तिला. पोरगी आपली अन् बोलते साहेबासारखी. काकासुद्धा तेच म्हणून राहिले होते."

काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. नात्याचे नव्हेत, पण सित्राला सगळ्यांच्या आधी आलेले, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. काका म्हणाले म्हणजे झालंच. मी त्या रात्री भांडले, रडले, अबोला धरला. अखेर हे इतकंच म्हणाले, "जूनपर्यंत बोलायला लागली, तर बघू."

मी पडले मूळची तापट. दुसऱ्याच दिवशी घरात कायदा केला. मराठीत बोललीस तर मी तुझी आई, इंग्रजीत बोललीस तर मी बहिरी. नुसतं म्हणून थांबले नाही. ती इंग्रजीत तोंड उघडायची आणि मी दोन्ही कानांत बोटं घालायची. पहिल्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी वैतागली. मग हळूहळू कमी बोलायला लागली. मला वाटलं, औषध लागू पडतंय.

तिसऱ्या मजल्यावर एक कोरियन कुटुंब होतं. नवरा सित्रालाच कुठल्याशा कंत्राटावर, आणि मुलगी आमच्या मुलीच्या वयाची. दोघींची गट्टी. पहिल्यांदा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा टीव्हीवरच्या फळीवर एक छोटी बुद्धमूर्ती दिसली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. परक्या मुलखात, परक्या माणसाच्या घरात आपला बुद्ध! घरी येऊन मी यांना सांगितलं, हे ती बातमी सगळ्यांना सांगत सुटले. त्या दिवसापासून आमच्या लेखी कोरिया म्हणजे बौद्ध देश, आणि कोरियन माणूस म्हणजे आपला माणूस.

त्यात मुलीच्या टेबलावर ती कॅसेट सापडली. वरच्या मैत्रिणीनं ऐकायला दिलेली. कव्हरवर एक गोरा, कोवळा मुलगा. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, डोळे मिटलेले, मागे शांत निळं पाणी. मी मनाशी म्हटलं, ध्यानाला बसलाय. पांढरं वस्त्र, मिटलेले डोळे, आमच्याकडे उपासक आणखी वेगळा कसा दिसतो? कॅसेट लावून पाहिली. लाटांचा आवाज, मग एकेक सूर हळूच वाजणारा पियानो, मग अगदी कातर आवाजात काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणणं. अर्धं मिनिट ऐकलं असेल, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी कॅसेट बंद करून स्वयंपाकघरात गेले. पण डोक्यात बेत शिजायला लागला होता.

बुद्धपौर्णिमेनंतरच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्या वर्षीचा कार्यक्रम आमच्या घरी होता. सगळी कुटुंबं येणार, काका येणार. वंदना झाली की मुलीनं उभं राहून मराठीत सांगायचं, आता आपण बौद्ध देश कोरियातलं बुद्धगीत ऐकू या. चार-पाच वाक्यं, खणखणीत. काकांच्या कानांवर तिची मराठी पडली की नागपूरचं भूत आपोआप उतरेल. मी वाक्यं लिहून काढली आणि तिच्या हातात कागद दिला.

तिनं वाचलं आणि डोळे मोठे केले. "मम्मी, नो, इट्स नॉट..."

"मराठीत."

तिनं ओठ हलवले. "हे गाणं... हे..." पुढचा शब्द तिला सापडेना. मी वाट पाहिली नाही.

दोन दिवसांनी पाठांतर घेताना ती पुन्हा काहीतरी इंग्रजीत सांगायला लागली. मी कानांत बोटं घातली. शुक्रवारी सकाळी मी खीर ढवळत होते तेव्हा ती तिसऱ्यांदा आली. "मम्मी, प्लीज, लिसन!" अगदी रडकुंडीला आली होती. मला वाटलं, सगळ्यांसमोर बोलायला घाबरते आहे. मी डाव खाली ठेवला आणि तिच्या तोंडासमोर दोन्ही कानांत बोटं खुपसली. ती निघून गेली.

अकरा वाजता हॉल भरला. जमिनीवर पांढऱ्या चादरी, समोर मूर्ती, मेणबत्त्या, उदबत्ती. वरची कोरियन बाई मुलीला घेऊन आली होती, येताना फळांची पेटी घेऊन. तिला मी मानानं पुढं बसवलं. त्रिशरण-पंचशील झालं. तिला शब्द येत नव्हते, पण हात शेवटपर्यंत जोडलेले होते. बायका एकमेकींना कोपरानं खुणावत होत्या, बघा, कशी आपल्यातलीच.

मग माझी मुलगी उभी राहिली. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या. एकाही शब्दावर न अडखळता, घोटीव मराठीत तिनं सगळी वाक्यं म्हटली. चेहऱ्यावरची माशी मात्र हलत नव्हती. काकांनी मान डोलावली. यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका. मी टेपचं बटण दाबलं.

लाटा. पियानो. तो कातर आवाज. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. पलीकडच्या एका बाईनं तर डोळ्यांना पदर लावला. सुरुवातीचा संथ भाग संपला, आवाज थांबला. काकांना वाटलं, संपलं. वंदनेच्या शेवटी म्हणतात तसं सवयीनं त्यांनी मोठ्यानं म्हटलं, "साधु! साधु! साधु!" आणि सगळा हॉल त्यांच्यामागं म्हणाला, "साधु! साधु! साधु!"

आणि धाडकन ड्रम वाजला.

त्यामागून गिटार, टाळ्या, पोरींच्या किंकाळ्या, आणि त्या सगळ्यांवर तोच मुलगा आता मोठमोठ्यानं गायला लागला. कोरियन आम्हाला कुठलं कळायला? पण मधेच त्यानं "समर" म्हटलं, मग "बेबी" म्हटलं, आणि मग "आय लव्ह यू" असं तीनदा म्हटलं. ते मात्र भंडाऱ्यालाही कळलं असतं.

पंचवीस-तीस माणसं, सगळ्यांचे हात जोडलेले, सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. कोणी हात खाली घेईना. कोरियन बाई एकदा टेपकडे, एकदा मूर्तीकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, पण बिचारीनं हात सोडले नाहीत. हा आमचा रिवाजच असावा असं तिला वाटलं असणार. तिची मुलगी मात्र तोंडावर हात दाबून गदगदत होती. मी अशी थिजले होते की बटण समोर असून हात जाईना. शेवटी यांनी पुढं होऊन टेप बंद केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काका कष्टानं उठले. माझ्या मुलीकडे वळून म्हणाले, "का बाई, तुझीच मैत्रीण ना ते? तुले माहीत होतं नं, काय गाणं आहे ते? मग सांगाले काय झालं होतं?"

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा तोल गेला होता, सगळे माझ्याकडे बघत होते, मला कुठंतरी लपायचं होतं. मी माझ्याच लेकीवर ओरडले, "हो ना! का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, रडून नाही. कोणी पाठ करून न घेतलेली सलग मराठी पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघाली.

"मी सांगितलं होतं. तीन वेळा सांगितलं. तू बहिरी होती."

मला कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. पुढं काय झालं ते मी कानांनी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. आधी काका खो खो हसले. "अरे बाप्पा! पोरगी तर फर्मास मराठी बोलून राहिली! हिले कशाला पाठवता रे नागपूरले?" मग सगळेच हसले. हे तर अभिमानानं मुलीच्या पाठीवर थापट्या मारत होते. खिरीच्या वाट्या फिरल्या. कोरियन बाईनं जाताना मोडक्या इंग्रजीत माझ्या मुलीला विचारलं म्हणे, तुम्ही इंडियात या गायकाचीसुद्धा पूजा करता का?

मुलगी आमच्याजवळच राहिली. जूनमध्ये आम्ही तिघं गेलो आणि तिघंच परत आलो. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

पण कार्यक्रमाच्या त्याच दिवशी, सगळे गेल्यावर, मी तिच्या पलंगावर जाऊन बसले. म्हटलं, "त्या गाण्यात काय आहे गं? सांग ना. इंग्रजीत सांग, चालेल मला."

ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "काही नाही."

त्यानंतर ती माझ्याशी नेहमी मराठीतच बोलली. स्वच्छ, नेमकं. भूक लागली. शाळेत जाते. हो. नाही. याहून जास्त काही सांगायचं असलं की ती तिसऱ्या मजल्यावर जायची.