म्हशींचं औषध आणि जावयाची तब्येत

चहाचा घोट तोंडात असेल तर आधी गिळून घ्या. मी सासुरवाडीत स्वतःची जी शोभा करून घेतली, ती आता सांगतोय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सुरतेला पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर होतो. कुठल्या रंगाला किती पावडर, किती गरम पाणी, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्यामुळे जगातली कुठलीही पावडर आपल्याला कळते, अशी माझी पक्की समजूत.

सासरे तिथल्याच कोसाडला. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मूळचे अमळनेरकडचे, सुरतेत येऊन म्हशींचा तबेला टाकलेला. तेव्हा त्यांच्या म्हशींना खाल्लेलं पचेना. शेणात दाणे जसेच्या तसे, आणि दूध आटत चाललेलं. घर त्या दुधावरच चालायचं, म्हणून मामांनी गुरांचा डॉक्टर बोलावला. मी नेमका तिथे मुक्कामाला होतो. डॉक्टरनं पाकीट दिलं.

"हे प्रोबायोटिक. यात जिवंत यीस्ट आहे. पोटात गेलं की चारा पचायला मदत होते. आता हे द्यायचं कसं..."

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "पावडरीचं मला नका सांगू."

डॉक्टरनं खांदे उडवले आणि बॅग उचलून निघाला. मी कामाला लागलो. तुम्हीच सांगा, जिवंत जीव पाकिटात सुकून पडलेले, म्हणजे उपाशी असणार की नाही? आधी त्यांना खाऊ घालायला नको? मी पिंपात कोमट पाणी भरलं, त्यात गूळ विरघळवला, अख्खं पाकीट ओतलं आणि वरून गोणपाट बांधलं.

"जावईबापू, इतला गूळ कशाले?" मामांनी विचारलं.

"मामा, तुम्ही फक्त बघत राहा."

दोन-तीन दिवसांत पिंप फसफसायला लागलं. कान लावला की आतून सूं-सूं आवाज. मला तर पोरगं पहिल्यांदा बोलल्यासारखा आनंद झाला. वास मात्र गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

संध्याकाळी शेजारचा पॉवरलूमवरचा कारागीर आला. "भाऊ, एक गिलास मिळेल का?"

"अहो, हे माणसांसाठी नाही. म्हशींसाठी आहे."

त्यानं डोळा मारला. "समजलो. म्हशींसाठी."

दुसऱ्या दिवशी अनोळखी माणसं दारात येऊन हळूच विचारायला लागली, "म्हशींचं आहे का?" त्यांच्या मागोमाग हवालदार आला. गुजरातेत दारूबंदी, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

"आ शुं छे?" त्यानं पिंपाकडे बोट दाखवलं.

"दवा छे, साहेब."

"कोना माटे?"

"म्हशींसाठी. पोटात गेलं की लगेच काम सुरू करतं."

"अने गोळ?" त्यानं उरलेल्या गुळाची ढेप उचलून दाखवली.

"ताकद यावी म्हणून."

मी शब्दन् शब्द खरा बोलत होतो आणि प्रत्येक शब्दागणिक त्याचा हात माझ्या कॉलरजवळ येत होता. मामांनी घाबरून डॉक्टरकडे माणूस पिटाळला. मला मात्र कसली भीती? औषध आहे हे सिद्ध करायला मी हवालदारासमोर तांब्याभर पिऊन दाखवलं. आंबटगोड लागलं. त्याचा विश्वास बसेना, म्हणून आणखी एक तांब्या प्यालो. तिसरा कुणासाठी प्यालो ते आठवत नाही.

डॉक्टरनं येऊन पिंपात डोकावलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ही पावडर रोज चमचाभर, कोरडीच, पेंडीत कालवायची होती. यीस्टला गूळपाणी दिलं की दारूच होणार."

हवालदारानं पिंप गटारात पालथं केलं. मी तोवर एका म्हशीच्या गळ्यात हात टाकून तिला पक्का काळा रंग कसा बसवतात ते समजावत होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे.

"दादा, तमारी भेंसो तो बराबर छे. आ जमाईने खूंटे बांधी राखो."

मामांनी खरोखरच दावं उचललं. आणि मी, म्हणे, मोठ्या रुबाबात सांगितलं, "मामा, कडेच्या खुंट्याला बांधा. तिथे वारा चांगला येतो."