अर्जबाईंचं दप्तर

वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या खोलीत बसून बाइंडरबाईंनी एकतीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवली. हाताला खळ, बाहीला दोऱ्याचे तुकडे आणि ओठांत सुई, त्यामुळे बोलण्याचा प्रश्नच नव्हता. तशाही त्या भांडणाऱ्यातल्या नव्हत्या. आपण बरं नि आपलं काम बरं, हा त्यांचा खाक्या. याच बाई पुढे एका मैत्रिणीच्या कागदांसाठी ग्रंथपालांपासून तिच्या सख्ख्या भावापर्यंत सगळ्यांसमोर उभ्या ठाकतील, असं कोणी म्हटलं असतं तर पहिल्यांदा त्यांच्या नवऱ्यालाच हसू फुटलं असतं.

ती मैत्रीण म्हणजे अर्जबाई. हे नाव लोकांनी ठेवलेलं. आधी टिंगलीने, मग सवयीने आणि शेवटी आदराने. जन्माच्या दाखल्यावर मुलगा असं लिहिलेलं. पण आपण बाई आहोत हे त्यांना कळत्या वयापासून ठाऊक होतं, आणि विसाव्या वर्षी घर सुटल्यावर त्या तशाच जगल्या. आपल्यासारख्या पारलिंगी माणसांना ओळखपत्र मिळावं, नोकरी मिळावी, दवाखान्यात योग्य वॉर्डात खाट मिळावी, म्हणून त्यांनी चाळीस वर्षं अर्ज लिहिले. मोर्चे काढले, भाषणंही केली. पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे कार्बन पेपर. प्रत्येक अर्जाची नक्कल आणि प्रत्येक नकलेवर कचेरीच्या शिक्क्याची पोच. "पोच नसलेला अर्ज म्हणजे आंधळ्याला मारलेला डोळा," असं त्या म्हणायच्या.

बाइंडरबाईंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते खोलीच्या अर्धवट उघड्या दारातून. अर्जबाई वाचनालयाचं सभासद कार्ड मागायला आल्या होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, कडक इस्त्रीचे कपडे. कारकुनाने दाखला उलटसुलट केला आणि शेजारच्याला डोळा घालत म्हणाला, "दाखल्यावर पुरुष, आणि समोर कोण म्हणायचं?"

दोघं हसले. अर्जबाई शांतपणे म्हणाल्या, "कार्ड देत नाही म्हणता ना? मग तसं लिहून द्या."

कोणी लिहून दिलं नाही. अर्जबाई बाकावर बसल्या, पिशवीतून कार्बन काढला आणि अर्ज लिहिला. पुढच्या महिन्यात दुसरा. आठव्या अर्जाला कार्ड मिळालं. या आठही वेळा बाइंडरबाई दारातून बघत होत्या आणि मान खाली घालून पुठ्ठ्याला खळ लावत होत्या. आपण तेव्हा एक शब्द बोललो नाही, हे त्यांनी पुढे कधी कोणापासून लपवलं नाही.

कार्ड मिळाल्यावर आठवड्याभरात अर्जबाई एक फुगलेली फाईल घेऊन जिन्याखाली आल्या. "हिची पाठ मोडलीय. जोडून द्याल?"

"खाजगी काम इथे चालत नाही," बाइंडरबाई म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून त्यांनी फाईल आपल्या पिशवीत टाकली आणि घरी नेऊन शिवली. ती परत करताना चहा झाला. दुसऱ्या फाईलला जेवण. तिसऱ्या फाईलपर्यंत दोघी एकमेकींना अगं-तुगं करायला लागल्या होत्या. ही मैत्री एकोणीस वर्षं टिकली.

बाइंडरबाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी अर्जबाईंचं यकृत खराब झाल्याचं निघालं. दवाखान्यात बाइंडरबाई रोज जायच्या. एका दुपारी अर्जबाईंनी उशीखालून दोन कागद काढले, वरचा शाईचा आणि खालचा कार्बनचा. वर लिहिलं होतं : प्रति, बाइंडरबाई. विषय : माझे कागद सांभाळण्याबाबत.

"अगं, हे काय? तोंडाने सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?"

"बोललेलं वाऱ्यावर जातं. सही कर आणि तारीख घाल."

"आणि नाही केली तर?"

"तर आठ अर्ज करीन. पण वेळ कमी आहे, तेव्हा पहिल्यातच भागव."

बाइंडरबाईंनी सही केली. पाचव्या दिवशी अर्जबाई गेल्या.

अंत्यविधीला शंभरएक माणसं होती. भाऊ आला तो त्यानंतर, खोली रिकामी करायला. बहीण म्हणायची त्याची तयारी नव्हती आणि भाऊ म्हणायची सोय उरली नव्हती, म्हणून तो नुसतं "त्यांचं सामान" म्हणत होता. कपाट, पलंग, भांडी त्याने बाजूला काढली. पलंगाखालच्या सहा पत्र्याच्या ट्रंका उघडून बघितल्या आणि झाकणं आपटली. "रद्दी नुसती. उचलायला सांगतो."

बाइंडरबाईंनी सही केलेला अर्ज पुढे केला. त्याने वाचला. "कायद्याने वारस मी आहे."

"आहातच. पलंग न्या, कपाट न्या. कागद सांभाळायचे मला सांगितलेत, आणि मी पोच दिलीय."

त्याला गाडी गाठायची होती. "न्या. तेवढीच माझी कटकट कमी," तो म्हणाला. बाइंडरबाईंनी ट्रंका नेल्याचं लिहून त्याची सही घेतली. अर्जबाईंच्या संगतीत एवढं तर त्या शिकल्याच होत्या.

बाइंडरबाईंचा नवरा निवृत्त बस ड्रायव्हर. त्याने ओळखीतला टेम्पो आणला आणि तिसरा मजला चढताना म्हणाला, "जन्मभर पॅसेंजर वाहिले, पण असे मुके आणि इतके जड नाही बघितले." बाहेरच्या खोलीत ट्रंका लागल्या तेव्हा खुर्ची ठेवायला जागा उरली नाही.

उघडल्यावर कळलं, की तीन ट्रंकांना मोरीच्या भिंतीची ओल लागली होती. तळाचे कागद एकमेकांना चिकटून पाटीसारखे झाले होते. काहींवर काळी बुरशी धरली होती, काहींत कसरीने नक्षी काढली होती. टाचण्या गंजून कागदात उतरल्या होत्या. जुन्या फॅक्सच्या गुंडाळ्यांवरची अक्षरं इतकी फिकट झाली होती, की वर्षभरात तिथे कोरा कागदच उरला असता.

पहिल्याच दिवशी बाइंडरबाईंनी कोरडं आणि ओलं वेगळं केलं. फॅक्स आधी झेरॉक्सला पाठवले. ओल्यातली सुटणारी पानं टिपकागदावर पसरून पंखा लावला. पण एवढं सगळं एका वेळी वाळवायला जागा कुठून आणणार? आणि थांबलं तर बुरशी पसरणार. म्हणून चिकटलेले गठ्ठे पिशव्यांत बांधून त्यांनी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले. गारठ्यात बुरशी वाढत नाही. एकेक गठ्ठा काढून निवांत सोडवता येतो.

संध्याकाळी नवऱ्याने बर्फासाठी कप्पा उघडला. "अगं, इथे कोर्टाची तारीख पडलीय!"

"हात लावू नका. पुढच्या महिन्यात लागेल ती."

"लोकांच्या केसेस वर्षानुवर्षं थंड पडतात ऐकलं होतं, आज प्रत्यक्ष बघितली."

हसता हसता तोही कामाला लागला. चष्मा लावून खिडकीशी बसायचा आणि गंजक्या टाचण्या एकेक करून काढायचा. फाटल्या कडांना बाइंडरबाई पातळ खळीने झिरझिरीत कागद लावायच्या. नाकाला फडकं, कमरेला पट्टा. मान इतकी दुखायची की रात्री कूस बदलताना त्या कण्हायच्या. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, पुरे आता. दे कुणाला तरी." बाई म्हणाल्या, "कुणाला देऊ? नाव सांग." काम चौदा महिने चाललं.

पाचव्या ट्रंकेत एकोणीस पाकिटं निघाली. सगळी अर्जबाईंनी आपल्या आईला पाठवलेली, सगळी न उघडता परत आलेली. प्रत्येकावर तिरक्या अक्षरात 'घेण्यास नकार'. ते अक्षर बाइंडरबाईंनी पाहिलं होतं. ट्रंका नेल्याच्या कागदावर भावाने सही केली होती, तेच अक्षर. त्यांनी पाकिटं उघडली नाहीत. ओली कड वाळवली, स्वच्छ कागदात गुंडाळली आणि वेगळी ठेवली.

कागद बरे झाले, पण दोन खोल्यांत ते किती दिवस राहणार? बाई वाचनालयात गेल्या. नव्या ग्रंथपालांनी यादी वाचली, दोनदा वाचली. "संग्रह मोलाचा आहे, बाई. पण अडचण नावाची. आम्हाला अधिकृत नावाने नोंद करावी लागते. म्हणजे दाखल्यावरचं."

"त्या नावाने चाळीस वर्षांत त्यांना कोणी हाक मारली नाही. शोधायला येणारा माणूस कोणत्या नावाने शोधेल?"

"मला पटतं हो. पण नियमाला अधिकृत कागद लागतो."

बाइंडरबाईंनी पिशवीतून पिवळं पडलेलं सभासद कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हा चालेल? शिक्का तुमचाच आहे. यावर त्यांनी स्वतः घेतलेलं नाव आहे. आठ अर्ज करून मिळवलंय. ते आठही अर्ज तुमच्या पोचेसकट दुसऱ्या ट्रंकेत आहेत."

ग्रंथपालांनी कार्ड उजेडात धरून शिक्क्याची तारीख वाचली. "तेव्हा तुम्ही इथेच होता?"

"होते. दार उघडं होतं आणि तोंड बंद."

नोंद अर्जबाईंच्या खऱ्या नावाने होईल असं ग्रंथपालांनी लिहून दिलं. एक अट मात्र उरली : वारसाची सही.

बाई बसने चार तास प्रवास करून भावाच्या घरी गेल्या. त्याने दारात उभं न ठेवता आत बसवलं, हेच त्यांना पुष्कळ वाटलं. विषय ऐकून तो म्हणाला, "सही करतो. पण आईला लिहिलेली पत्रं असतील. ती मला द्या."

"काय करणार त्यांचं?"

"जाळणार. उद्या कोणीही उठून वाचेल."

"मग नाही देणार."

"माझ्या आईची आहेत ती!"

"आईपर्यंत पोचलीच कुठे? तुम्ही परत पाठवलीत, तेव्हाच ती पुन्हा लिहिणारीची झाली."

तो ताडकन उठला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाइंडरबाईंना वाटलं, आता हाकलणार. तसाच पाठमोरा तो म्हणाला, "आई पोस्टमनची वाट बघायची. मी तिला सांगायचो, काही आलं नाही. तेव्हा मला तेच बरोबर वाटायचं. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, लोक काय काय बोलत होते..." बाईंनी त्याला सावरून घेतलं नाही. माफ करणं त्यांच्या हातात नव्हतं.

"एक करता येईल," त्या शेवटी म्हणाल्या. "पाकिटं मोहोरबंद ठेवू. तुम्ही आहात तोवर कोणी उघडणार नाही, तसं वाचनालयाकडून लिहून घेते. पण फाडणार नाही नि जाळणारही नाही. तुम्हाला वाचावीशी वाटली, तर या. तुम्हाला कोणी अडवणार नाही."

त्या दिवशी त्याने सही केली नाही. बाई परतल्या. दर पंधरा दिवसांनी त्यांनी त्याला एक पत्र टाकलं, तीच विनंती, तेच शब्द, खाली मागच्या पत्राची तारीख. पाचव्या पत्राच्या उत्तरात सही केलेला कागद आला. सोबत ओळ नव्हती. पत्रं वाचायला तो अजून आलेला नाही.

ट्रंका वाचनालयात गेल्या, तरी एका गठ्ठ्यावर बाई अडून बसल्या. अर्जबाईंना मदत मागणाऱ्यांची ती पत्रं. कोणी वसतिगृहातून लिहिलेलं, कोणी सासरहून, कोणी नोकरी जाईल या धास्तीने. "ही माणसं जिवंत आहेत," त्या ग्रंथपालांना म्हणाल्या. "त्यांना विचारल्याशिवाय एक पान कोणाला दाखवायचं नाही."

एकेचाळीस जणांचे पत्ते सापडले. पण पाकीट घरात दुसऱ्यानेच फोडलं तर? म्हणून बाईंनी मजकुरात एवढंच लिहिलं : 'आपलं एक जुनं पुस्तक दुरुस्त होऊन तयार आहे. सवडीने येऊन पाहावे.' खाली त्यांनी अर्जबाईंना लिहिलेल्या पत्राची तारीख घातली. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. सव्वीस जणांनी कळवलं. अकरा जणांनी पत्र परत मागितलं, नऊ जणांनी बंद ठेवायला सांगितलं, सहा जणांनी उघडं ठेवायला परवानगी दिली. ज्यांचं उत्तर आलं नाही, त्यांची पत्रं बंद राहिली.

त्या सहांतली एक शाळेत शिपाई आहे. सुट्टीच्या दिवशी ती स्वतः आली. सोळाव्या वर्षी, मुलांच्या वसतिगृहातून लिहिलेलं आपलं पत्र तिने दोन्ही हातांनी धरलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. मग एकदम हसली. "बाई गं, 'मुलगी' शब्दच चुकवलाय! मु दीर्घ काढलाय. तेवढं दुरुस्त करता येईल?"

"नाही. जसं आलं तसंच राहतं."

"राहू दे मग." तिने डोळे पुसले. "नाव झाकणार आहात का?"

"तू सांगशील तसं."

"नका झाकू. पूर्ण लिहा, आत्ताचं."

बाइंडरबाईंनी नोंदवही ओढली, नाव अक्षरन् अक्षर विचारून घेतलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सहीसाठी वही तिच्यापुढे सरकवली.